ओळख करून देणारा आणि जामीन राहणारा

मागच्या एप्रिलात आमचा एसी गार हवा देईनासा झाला. मुलीनं तिच्या मोबाइलवरच्या एका ॲपवरून माणूस बोलावला. सर्व्हिसिंगचे साडेपाचशे रुपये. सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी मुलगा दारात हजर. बुटांवर निळ्या प्लास्टिकची खोळ चढवली, खाली ताडपत्री पसरली, जाळ्या बाथरूममध्ये नेऊन धुतल्या, काळं पाणी बादलीत उतरवलं. मी मनात म्हटलं, वा! पूर्वी असं कोण करत होतं? मग त्यानं बाहेरच्या युनिटला गेज लावलं, काटा दाखवला आणि म्हणाला, "काका, गॅस कमी झालाय. भरावा लागेल. अडीच हजार होतील."

काटा मला दिसत होता. तो कुठे असायला हवा, हे मला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस, घरात आजारी आई. "भर बाबा," म्हटलं. निघताना त्यानं जरा ओशाळून विनंती केली, "पाच स्टार द्याल ना काका? चार पडले तरी आमची कामं कमी होतात." तो समोर उभा असताना माझं बोट चारवर कसं जाणार? पाच दिले.

तीन आठवड्यांत एसी पुन्हा पहिल्यासारखा. ॲपवर तक्रार केली, तर 'तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं गोड उत्तर आलं आणि पाठोपाठ खुलासा: सर्व्हिसिंगला वॉरंटी आहे, गॅसला नाही. पुन्हा पैसे भरून दुसरा माणूस बोलावला. हा वयानं थोडा मोठा. त्यानं साबणाचं पाणी लावून सांधे तपासले, एका ठिकाणी बुडबुडे दाखवले. "एसीतला गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, वापरून संपायला. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न काढता भरला, तर राहणार कसा?" त्यानं तो सांधा झाळला, गॅस भरला, आणि जाताना एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला. "पुढच्या वेळी डायरेक्ट फोन करा. तुमचेही वाचतील, माझेही." ती चिठ्ठी अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

ही गोष्ट ज्याला ज्याला सांगितली, त्यानं त्यानं विचारलं, "कुठलं ॲप? आमचं चांगलं आहे हं." जणू प्रश्न एका ॲपचा आहे. मला वाटतं तो मध्यस्थीच्या धंद्याचा आहे. मध्यस्थ दोन प्रकारचे. एक ओळख करून देतो, दुसरा जामीन राहतो. आपली बहुतेक ॲप काम करतात पहिल्याचं, जाहिरात करतात दुसऱ्याची आणि पैसेही दुसऱ्याइतकेच घेतात. कामात खोट निघाली तर भरपाई स्वतःच्या गल्ल्यातून देणारा मध्यस्थच विश्वासाच्या लायकीचा. बाकी तारे, टिळे, हसरे चेहरे ही सजावट आहे.

जामीन राहणारा मध्यस्थ ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात पुरंदरचा शेतकरी वाटाणा घेऊन येतो. तो ज्या खरेदीदाराला विकला जातो, त्याला शेतकरी ओळखत नाही आणि ओळखायची त्याला गरजही नसते. मध्ये अडत्या असतो. खरेदीदार पैसे आज देवो, पंधरा दिवसांनी देवो किंवा बुडवो, शेतकऱ्याला त्याच दिवशी पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशोब, करून पैसे देणं ही अडत्याची जबाबदारी. नियमच तसा आहे. अडत, म्हणजे त्याचं कमिशन, मोजायची ती या जोखमीसाठी. अडत्यांचं गुणगान गायला मी बसलेलो नाही. वजनात मारलेला काटा, कडता म्हणून वजनातून उगाच केलेली कपात, उचल देऊन बांधून ठेवलेले शेतकरी, हे सगळं त्याच यार्डात झालं आणि शेतकऱ्याकडून अडत कापायची पद्धत २०१६ साली सरकारला बंद करावी लागली. ती खरेदीदारावर गेली. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. अडत्याला गाळा असतो, गाळ्याला नंबर असतो, परवाना बाजार समितीच्या हातात असतो आणि पैसे बुडाले तर 'मी फक्त भेट घालून दिली' असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

ॲपला येतात. त्याचं मूळ कायद्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं ७९ वं कलम मध्यस्थाला संरक्षण देतं. तुमच्या पाटीवर तिसऱ्यानं काही लिहिलं, तर त्याला तुम्ही जबाबदार नाही, असा त्याचा साधारण आशय. लोकांनी लिहिलेल्या मजकुरासाठी ते योग्यच आहे. मात्र त्याच छत्रीखाली नळदुरुस्ती आणि एसीचा गॅसही येऊन उभे राहिले. मजकूर लिहिणाऱ्याची किंमत संकेतस्थळ ठरवत नाही, त्याला गणवेश देत नाही, त्याच्या कामातून कमिशन कापत नाही. सेवा देणारी ॲप हे सगळं करतात. दर त्यांचा, टी-शर्ट त्यांचा, कुठल्या घरी कोण जाणार हे ठरवणार ते. गळती निघाली की मात्र माणूस 'स्वतंत्र व्यावसायिक भागीदार' होतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आल्यावर थोडं बरं झालं. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची, महिन्याभरात तड लावायची, यादीत कोण वर आणि कोण खाली हे कशावरून ठरतं ते साध्या भाषेत सांगायचं. ही बंधनं वस्तूंबरोबर सेवांनाही लागू आहेत. (आपण किती जण तो अधिकारी शोधतो, हा प्रश्न वेगळा. मी शोधला. ॲपच्या तळाशी, चौथ्या पानावर सापडला.) जून २०२१ मध्ये केंद्रानं या नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला. विकणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, तर ठरावीक परिस्थितीत बाजारपेठेला, म्हणजे ॲपला किंवा साइटलाही जबाबदार धरायचं, असं त्यात होतं. जामिनाची गोष्ट कायद्याच्या भाषेत आली होती. कंपन्यांनी आणि उद्योगांच्या संघटनांनी ओरड केली आणि मसुदा मसुदाच राहिला.

जामिनाला मी एवढं महत्त्व का देतो? १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटेखानी निबंध लिहिला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. पुढे २००१ साली याच विचारासाठी त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. मुद्दा साधा. गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात खटारे. आता हाच हिशोब एसीवाल्याला लावा. तासभर घालवून गळती शोधणारा चार हजार सांगणार. नुसता गॅस भरून निघणारा अडीच हजार. मला फरक कळत नाही, मी अडीच हजारवाल्याला बोलावणार. चार-सहा उन्हाळ्यांत प्रामाणिक माणूस एक तर उपाशी राहतो, नाही तर तोही नुसता गॅस भरायला शिकतो.

त्या निबंधात भारतातल्या सावकारीचाही उल्लेख आहे, कारण अकेरलॉफ स्वतः इथे राहून गेले होते. आणि या दुखण्यावर बाजारानं शोधलेले उपाय त्यांनी मांडले, त्यांत पहिला आहे हमी. मग नाममुद्रा (ब्रँड), मग परवाने. तारे तेव्हा नव्हतेच.

तारे आले इंटरनेटबरोबर. १९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी अमेरिकेत पुढे ईबे म्हणून गाजलेली लिलावाची साइट काढली आणि दुसऱ्याच वर्षी घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी एकमेकांना शेरे देण्याची सोय केली. अनोळखी माणसं एकमेकांना पैसे आणि वस्तू पाठवायला लागली, ही काही लहान गोष्ट नव्हे. लवकरच त्यातली मेख लक्षात आली. मी तुला वाईट शेरा दिला तर तू मला देशील, या भीतीनं सगळे सगळ्यांना छान म्हणू लागले. शेवटी २००८ साली ईबेनं विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. प्रवाशांना लोकांची घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीनं २०१४ मध्ये वेगळा मार्ग काढला: पाहुणा आणि घरमालक दोघांचे शेरे बंद पाकिटात, दोघांनी लिहून झाल्यावर किंवा मुदत संपल्यावरच उघडायचे. या कंपन्यांना फटके खाऊन कळलं, की शेरा देणाऱ्याला समोरच्याची भीड असेल तर शेरा खोटाच येणार.

आपल्याकडे माणूस पान्हा हातात घेऊन समोर उभा आणि आपण त्याच्यादेखत स्टार देतो. ही भीड फक्त भीतीची नसते, कणवेचीही असते. उन्हातून आलेला पोरगा, चार पडले तर त्याचं काम जाणार, मग कोण देईल चार? परिणाम असा, की सगळेच ४.८. त्या आकड्यावरून गळती शोधणारा कोण आणि नुसता गॅस भरणारा कोण, हे कळायला मार्ग नाही. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, खोटे अभिप्राय रोखायला, तेही ऐच्छिक.

खरं तर यातला निम्मा आजार फुकटात बरा होईल. एसीचे तारे तीन आठवड्यांनी मागा. नळाचे महिन्यानं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं रेटिंग मे महिन्यात घेण्यात काय हशील? जुलैत विचारा, बादल्या मांडलेल्या असताना. हे ॲपवाल्यांना सुचत नाही असं थोडंच आहे? जुलैत विचारलं तर ४.८ चा आकडा राहणार नाही, हे त्यांना चांगलं कळतं.

नावापुढच्या हिरव्या टिळ्याची कथाही अशीच. 'व्हेरिफाइड' म्हणजे काय तपासलं? बहुतेक वेळा आधार कार्ड आणि पोलीस पडताळणी. पोलीस पडताळणी सांगते की या माणसावर गुन्हा नोंदलेला नाही. एकट्या बाईच्या घरी अनोळखी माणूस येणार असेल तर ते तपासायलाच हवं. पण त्याला अर्थिंग करता येतं का, हे पोलीस ठाण्यात कळत नाही. आयटीआयमधून तारतंत्रीचा अभ्यासक्रम केलेली, सरकारी परीक्षा देऊन वायरमनचा परवाना घेतलेली पोरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्या परवान्याचा नंबर टिळ्याखाली का दिसू नये? टिळ्यावर बोट ठेवलं की काय तपासलं, कधी तपासलं, कुणी तपासलं, एवढं उघडावं.

आता दराकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. जनावरांच्या बाजारात हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात आणि बैलाचा सौदा ठरवतात. बघणाऱ्याला उपरणं दिसतं, आकडा दिसत नाही. लहानपणी मला त्याचं फार कुतूहल होतं. ॲपचा दर हा असाच उपरण्याखालचा सौदा आहे. मी साडेपाचशे दिले हे मला माहीत. त्या मुलाला किती मिळाले ते त्याला माहीत. मधलं उपरण्याखाली. त्या मानानं यार्डातली पट्टी बरी: शेतकऱ्यानं भांडायला का होईना, पण त्यावर हमाली किती, तोलाई किती हे लिहिलेलं असतं. माझ्या बिलावर दोन ओळी असाव्यात. कारागिराला इतके, कंपनीला इतके. या दोन ओळी छापल्या तर पुढचे निम्मे वाद आपोआप सरळ होतील, कारण मग ग्राहकच विचारेल, 'कंपनीला एवढे कशाचे? हमी कुठेय?'

हमी नाही म्हणूनच फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटतात. कंपन्या याला गळती म्हणतात आणि ती बुजवायला नंबर लपवणं, चॅटवर नजर ठेवणं, आयडी बंद करणं असे उपाय करतात. गंमत बघा, इथेही गळती न शोधता गॅस भरण्याचाच प्रकार. मी आणि तो कारागीर ॲपला टाळून एकमेकांना फोन करतो, याचा अर्थ पहिल्या भेटीनंतर ॲपकडे आम्हाला विकण्यासारखं काही उरत नाही. ॲपवरून केलेलं काम बिघडलं तर वर्षभर फुकट दुरुस्ती आणि घरातली वस्तू फुटली तर आठ दिवसांत भरपाई, असं असतं, तर मी दोनशे रुपये वाचवायला चिठ्ठी कशाला जपली असती?

इथपर्यंत मी ग्राहक म्हणून बोललो. पण दार दोन्हीकडून उघडतं. बाणेरला माझ्या वहिनींकडे फेशियल करायला एक बाई आली होती. एका खांद्यावर घडीचा पलंग, दुसऱ्यावर सामानाची जडशीळ बॅग. वॉचमननं तिला सर्व्हिस लिफ्टकडे पाठवलं, ती बंद, म्हणून ती चार मजले चढून आली. दोन तास काम केलं. निघताना तिनं हळूच विचारलं, "ताई, बाथरूम वापरलं तर चालेल का?" उसने पैसे मागावेत तसा स्वर. वहिनी म्हणाल्या, "अगं, हे काय विचारतेस?" तर म्हणाली, "नाही म्हणतात ना लोक."

त्या बाईनं अनोळखी घराचं दार आतून लावून घेतलं होतं. तिला माझ्या वहिनींबद्दल काय माहीत होतं? एक पत्ता. तिचं आधार, फोटो, पोलीस पडताळणी सगळं आमच्याकडे. तिच्याकडे काही नाही. दारात आल्यावर ग्राहकानं काम रद्द केलं तर पेट्रोल तिचं. घरातला पुरुष नको तितका जवळ आला तर तिनं कुणाला सांगायचं, आणि सांगून रेटिंग पडलं तर? ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये अर्बन कंपनी या घरपोच सेवा देणाऱ्या ॲपच्या कार्यालयासमोर ब्युटिशियन स्त्रिया धरणं धरून बसल्या. तक्रारी कमिशनच्या, दंडाच्या, रेटिंगच्या आणि सुरक्षिततेच्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा आंदोलन झालं, तेव्हा कंपनी स्वतःच्या 'भागीदारां'विरुद्ध कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये याच कंपनीनं मुंबईत तासाला ४९ रुपये अशा सुरुवातीच्या दरात घरकामाला बाई पाठवण्याची योजना आणली. तिच्या नावातल्या 'मेड्स' शब्दावर टीका झाली आणि नाव बदललं. मला नावापेक्षा ४९ चा आकडा खटकला. एवढ्यात मुंबईत घरकाम होत नाही. फरक आज गुंतवणूकदार भरतोय. तो उद्या हात आखडता घेईल तेव्हा ग्राहक भरेल किंवा ती बाई. आणि मधल्या काळात शेजारच्या चाळीतल्या मावशींना मालकीणबाई ऐकवून मोकळ्या, 'ॲपवर पन्नास रुपयांत येतात.'

म्हणून जामीन दोघांना हवा. त्यात एक खाच आहे. हमी द्यायची म्हटलं की कंपन्या ती कारागिराच्या खिशातून देतात. तक्रार आली की तोच माणूस पुन्हा जातो, स्वतःच्या पेट्रोलनं, बिनपैशानं. चूक त्याची असो, मशीनची असो की ग्राहकाच्या हट्टाची. ग्राहकाला वाटतं कंपनीनं हमी पाळली, आणि कारागिराचा दिवस जातो. अडत्यानं बुडीत पैसे हमालाच्या मजुरीतून कापावेत, तसं हे झालं. हमीचा निधी कमिशनमधून उभा राहिला पाहिजे आणि चूक कुणाची हे ठरवताना कारागिराचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे.

हे स्वप्नरंजन वाटत असेल त्यांनी माथाडी कायदा आठवावा. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणारी माणसं आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. मालक ठरलेला नाही, हजेरी नाही, अपघात झाला तर कुणी वाली नाही. आजच्या भाषेत गिग कामगार, म्हणजे पगारी नोकरी नसलेले, कामापुरते कामगार. व्यापारी म्हणत, 'ते आमचे नोकर नाहीत.' हे वाक्य ओळखीचं वाटत नाही का? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढे झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रानं कायदा केला. नोकर कोणाचे, या वादात तो कायदा अडकलाच नाही. त्यानं मंडळं उभी केली. त्यांवर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. कामगारानंही नोंदणी करायची, मालकानंही. मजुरी मालकानं मंडळाकडे भरायची, वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, द्यायची. मंडळ कामगाराला मजुरी देणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. म्हणजे काम देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये उभी असलेली, पैसे स्वतःच्या हातून फिरवणारी आणि त्यांची जबाबदारी घेणारी संस्था. मोबाइल सोडला तर त्यात प्लॅटफॉर्मचं सगळं होतं, वर जामीनही होता.

पुढे त्यालाही कीड लागली. माथाडीच्या नावाखाली घर बदलणाऱ्या लोकांकडून आणि कारखान्यांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या. पुण्यात टेम्पोतून स्वतःचं कपाट स्वतः उतरवून घेताना पैसे मोजावे लागलेला माणूस माथाडी हा शब्द ऐकला तरी चिडतो. त्याचा राग मला समजतो. पण कीड लागली म्हणून बियाणंच खोटं ठरत नाही.

माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राच्या आधी राजस्थाननं २०२३ मध्ये प्लॅटफॉर्म कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून कामं मिळणाऱ्यांसाठी, कायदा करावा, हे मला जरा झोंबतं. त्यानंतर कर्नाटकानं २०२५ मध्ये केला. कर्नाटकाच्या कायद्यात कामगाराला काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस आहे. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीसाठी द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. विम्यासाठी, म्हातारपणासाठी हे चांगलंच. पण रात्री अकराला 'तुमचा आयडी निष्क्रिय करण्यात आला आहे' असा मेसेज आला तर सकाळी कुणाचं दार ठोठवायचं, हा प्रश्न त्या संहितेत सुटत नाही.

आयडी बंद होतो तेव्हा नुसतं काम जात नाही. पाच वर्षांत दोन हजार घरांत मिळवलेले तारे जातात. ती त्या माणसाची पत आहे, कंपनीच्या कपाटात कुलूपबंद. दुसऱ्या ॲपवर गेला की तो नवखा. भविष्य निर्वाह निधीचं असंच होत असे. नोकरी बदलली की जुनं खातं मागे राहायचं. २०१४ साली यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा निधीचा क्रमांक, आला आणि नंबर माणसाबरोबर फिरू लागला. कामाच्या नोंदीचा असा नंबर का नसावा? मालकी कारागिराची, कुठल्याही ॲपनं वाचावा, कुणी पुसू नये. तसं झालं तर ॲपना कारागीर टिकवायला चांगलं वागावं लागेल.

याला जो आक्षेप घेतला जातो, तो पोकळ नाही. हमी महाग पडते, दर वाढतील, छोट्या शहरात ॲप काढणारी तरुण पोरं पहिल्याच भरपाईत बसतील. दर वाढतील, हे खरं. आपण ग्राहकही कमी लबाड नाही. आपल्याला हमी हवी आणि ४९ रुपयेही हवेत. छोट्यांचं म्हणाल तर मला उलट वाटतं. सांगली, जळगावसारख्या गावात चाळीस वीजतंत्री एकत्र आले, महिन्याला प्रत्येकी ठरावीक वर्गणी काढली आणि एकाचं काम बिघडलं तर दुसरा जाऊन करील, पैसे निधीतून, असं ठरवलं, तर त्यांना मोठ्या गुंतवणुकीची गरज नाही. पुण्यात कचरावेचक बायांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढून २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलला. आपल्या सहकाराचं पुढे काय काय होतं ते मला ठाऊक आहे, साखर कारखाने मीही पाहिलेत. पण भांडवल नाही म्हणून जामीन राहता येत नाही, हे काही पटत नाही.

आणि 'पूर्वी बरं होतं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे होते, त्यांच्यावर विश्वास होता. कारण त्यांना दुसरीकडे जायची सोय नव्हती आणि जातीनं काम बांधून दिलं होतं. त्या विश्वासाचा गोडवा ज्यांना बलुतं मागायला जावं लागलं नाही, त्यांनाच लागतो. शहरात नव्यानं आलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या जोडप्याला ॲपनं नळवाला मिळवून दिला, पार्लरमध्ये महिन्यावर राबणाऱ्या मुलीला चार पैसे जास्त मिळवून दिले, दर आधी सांगायची सवय लावली. हे सगळं नाकारायचं कारण नाही.

परवा एसी पुन्हा कुरकुरू लागला, म्हणून फ्रिजवरच्या नंबरला फोन केला. तो रविवारी आला. टी-शर्ट साधा, बुटांवर खोळ नाही. चपला दाराबाहेर काढून आला. विचारलं, "ॲपचं काय?" म्हणाला, "बंद केली आयडी. मेसेज आला." "कारण?" "कारण नाही आलं." जुना सांधा शाबूत होता, नवीन गळती दुसरीकडे निघाली. दीड तास लागला. पैसे देताना मी सवयीनं पावती मागितली. त्यानं बॅगेतून पोराची जुनी वही काढली, पान फाडलं, तारीख घातली, रक्कम लिहिली, थोडा थांबला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'एक वर्षात याच जागी लिकेज आले तर फुकट करून देईन.' त्याखाली सही, आणि नंबर.